दाबोळी ते मोपा : किलोमीटर विचारू नका

सावंतवाडीत माझं तिकिटांचं दुकान आहे. रेल्वे, विमान, लक्झरी, जे मागाल ते. पूर्वी दिवसभर एकच प्रश्न यायचा, ‘तत्काळ मिळात काय?’ आता त्याच्या जोडीला दुसरा आलाय. दाबोळी ते मोपा अंतर किती? विचारणारे नाना तऱ्हेचे. गोव्यातल्या लग्नाला निघालेले नागपूरकर, मस्कतहून सुट्टीवर येणारा मळेवाडचा मुलगा, जहाजावर जाणारे, पोराने मुंबईत बसून तिकीट काढून दिलेले आईबाप.

मी सांगतो, रस्त्याने साठ-पासष्ट किलोमीटर. ऐकणारा लगेच मनात भागाकार करतो आणि म्हणतो, म्हणजे सव्वा तास. आणि मग त्याच हिशोबावर गाडी सांगतो, जेवण ठरवतो, कधी कधी पुढचं विमानसुद्धा ठरवतो.

ज्यांना अजून पत्ता नाही त्यांच्यासाठी : गोव्याला दोन विमानतळ आहेत. दाबोळी वास्कोजवळ, मुरगाव तालुक्यात. मोपा पेडणे तालुक्यात, आमच्या बांद्याच्या कुशीत. त्याचं नाव मनोहर पर्रीकरांवरून, मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ. ११ डिसेंबर २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं आणि ५ जानेवारी २०२३ ला पहिलं प्रवासी विमान उतरलं. दाबोळीचा सांकेतिक कोड जीओआय, मोपाचा जीओएक्स. फरक एका अक्षराचा, पण मध्ये झुआरी, मांडवी आणि शापोरा अशा तीन नद्या.

हौसेचं अंतर आधी सांगून टाकतो, म्हणजे आकाशातलं. दाबोळी साधारण १५ अंश २३ मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे आणि मोपा १५ अंश ४४ मिनिटांच्या जरा पुढे. रेखांश जवळपास तोच, त्यामुळे मोपा दाबोळीच्या सरळ उत्तरेला येतं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. एकवीस-बावीस मिनिटांच्या फरकाला गुणा, चाळीस किलोमीटर येतात. हा हिशोब मला जहाजावरच्या एका गिऱ्हाइकाने काउंटरवर, तिकिटाच्या पाकिटामागे करून दाखवला. तो सेकंड ऑफिसर आहे, नकाशाशिवाय बोलतच नाही.

विमानाला हे चाळीस किलोमीटर कुठेच लागत नाहीत. पस्तीस हजार फुटांवरून येणारं विमान धावपट्टीच्या दोनशे किलोमीटर आधीपासूनच खाली यायला लागतं. हजार फूट उतरायला साधारण तीन सागरी मैल, असा वैमानिकांचा ठोकताळा. मुंबईहून मोपा सरळ रेषेत ३८५ किलोमीटरच्या आसपास पडतं, दाबोळी ४२० च्या पुढे. पण वेळापत्रक उघडून बघा, दोन्हीकडे सव्वा तासाच्या आसपासचीच वेळ छापलेली. छापलेली वेळ विमान मुंबईत जागेवरून हललं तिथपासून गोव्यात जागेवर थांबलं तिथपर्यंतची असते. त्यात मुंबईच्या धावपट्टीपाशी रांगेत उभं राहणं आलं, वर घिरट्या घालणं आलं. खरं उडणं पाऊण तासाचं. वरचे चाळीस किलोमीटर त्यात कुठे विरघळले हे कळतही नाही, आणि खाली उतरल्यावर तेच माणसाचा अर्धा दिवस खातात.

इतक्या जवळ दोन विमानतळ कशाला, असंही विचारतात. आपल्याकडे नव्या विमानतळांचं २००८ चं धोरण आहे, चालू विमानतळाच्या दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा करायचा तर केंद्राची खास परवानगी लागते. इथे अंतर चाळीस. तरी झाला, कारण दाबोळी आपलं असूनही आपलं नाही. पोर्तुगिजांनी ते पन्नासच्या दशकात बांधलं, त्यांची स्वतःची छोटी विमान कंपनी तिथून कराची, दमण, दीव करायची. डिसेंबर १९६१ मध्ये आपल्या कॅनबेरा विमानांनी त्या धावपट्टीवर बाँब टाकले, आणि त्याच रात्री दोन प्रवासी विमानं खड्डे चुकवत तिथून उडून कराचीला निसटली. गोवा मुक्त झाल्यावर तळ नौदलाकडे गेला. तो आजही नौदलाचाच, आयएनएस हंसा. प्रवाशांची इमारत त्याच्या एका कडेला, पाहुण्यासारखी.

पाहुण्याने घरच्यांच्या वेळा पाळायच्या असतात. सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेआठपासून दुपारपर्यंत नौदलाचा सराव, त्या वेळात नागरी विमानांना बंदी. म्हणून दाबोळीची विमानं पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी दाटीने येतात. दुपारी तीन-चार विमानं पाठोपाठ उतरली की बॅगांच्या पट्ट्यापाशी आमच्या आठवडा बाजाराला शोभेल अशी गर्दी होते. मोपाला ही अट नाही, चोवीस तास चालू. हे मी गिऱ्हाइकाला मुद्दाम सांगतो, कारण प्रवासाचा वेळ मोजायला सुरुवात विमानाच्या चाकांपासून नाही, बॅग हातात येते तिथून करायची.

आता रस्ता. दाबोळीहून निघालात की सांकवाळ, कुठ्ठाळी. कुठ्ठाळीला झुआरी नदी. जुन्या पुलाच्या काळात इथे काय हाल व्हायचे ते ज्यांनी सोसलंय त्यांनाच ठाऊक. पुलावर एक ट्रक बंद पडला की दोन्ही बाजूला रांग, आणि रांगेत घामाघूम झालेले विमानवाले, बॅगा डोक्यावर घेऊन पायी पूल ओलांडावा का या विचारात. तारांच्या आधारावर उभा असलेला नवा पूल डिसेंबर २०२२ मध्ये अर्धा आणि डिसेंबर २०२३ मध्ये पूर्ण उघडला, तेव्हापासून कुठ्ठाळीची भीती गेली. गंमत बघा, अर्धा पूल उघडला आणि आठवड्याभरात मोपावर पहिलं विमान उतरलं. पूल नसता तर दोन विमानतळांचा हा संसार महिनाभरही टिकला नसता असं माझं मत आहे.

पुढे आगशी, बांबोळीचा चढ, मग मेरशीची चौकडी. पणजीत न शिरता अटल सेतूवरून मांडवी ओलांडायची. हा २०१९ चा. इथवर सगळं झकास, चालक रेडिओवरचं गाणं गुणगुणत असतो. मग पर्वरी लागते.

पर्वरीबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण दाबोळी-मोपा अंतराचा खरा हिशोब इथेच होतो. राजधानीच्या उंबरठ्यावरची वस्ती, विधानसभा तिथे, सचिवालय तिथे, मॉल तिथे, आणि मुंबई-गोवा हायवे या सगळ्याच्या पोटातून. वरून पाच किलोमीटरच्या उड्डाणपुलाचं काम काढलं. खांब उभे राहत होते तेव्हा खाली रस्ता आज इकडून तर उद्या तिकडून वळवलेला. आमच्या गाडीचा चालक, त्याला सगळे बाबू म्हणतात, सकाळी साडेनऊला पर्वरीत अडकला की मला फोन करून नुसतं ‘पर्वरी’ म्हणतो आणि ठेवतो. पुढचं मी गिऱ्हाइकाला कळवायचं. रात्री अकराला तोच बाबू तोच पट्टा दहा मिनिटांत काढतो. कचेऱ्या सुटायच्या वेळी, म्हणजे साडेपाच ते आठ, तिथे किती वेळ लागेल हे बाबूही सांगत नाही, आणि तो गेली वीसेक वर्षं हायवेवर आहे.

पर्वरीतून सुटलं की गिरी, म्हापसा, करासवाडा. शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार, त्या दिवशी अख्खा बार्देश तालुका मिरच्या, चवरीस म्हणजे गोव्याची सॉसेजं, आणि केळी घ्यायला रस्त्यावर. कोलवाळचा पूल ओलांडला की पेडणे तालुका. धारगळला सुकेकुळणपासून मोपाचा जोडरस्ता उजवीकडे वर चढतो. हा सहापदरी रस्ता जुलै २०२४ मध्ये उघडला. त्याच्या आधी गावातल्या वळणांतून जावं लागायचं, रात्री पाटी दिसायची नाही, आणि एखादा टॅक्सीवाला सरळ पत्रादेवी ओलांडून बांद्यात चहा प्यायला थांबायचा. आता चूक होत नाही.

तर वेळ. रात्री दहानंतर किंवा पहाटे पाचच्या आत निघालात तर सव्वा तास. साधा दिवस, दुपारची वेळ, पावणेदोन तास. संध्याकाळी किंवा सकाळी कचेरीच्या वेळी दोन ते अडीच. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, जुन्या गोव्याच्या फेस्ताला आणि डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मी आकडा सांगतच नाही. तेव्हा सांगतो, सकाळीच निघा आणि तिथे जाऊन बसा, विमानतळावर एसी असतो.

पण ज्यांना एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून उडायचं असतं त्यांची मला खरी काळजी वाटते. वेबसाईटवर स्वस्तात दोन तिकिटं जोडून मिळतात, मध्ये बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, विमानतळ बदल, प्रवाशाने स्वतः करायचा. त्याचा अर्थ असा की दोन तिकिटं वेगळी, पीएनआर वेगळे. बॅग पुढे आपोआप जात नाही, ती पट्ट्यावरून उचलायची, गाडीत टाकायची, दुसरीकडे पुन्हा द्यायची. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नाही. देशातल्या विमानाचा बॅगांचा काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतो, परदेशीचा त्याच्याही आधी होऊ शकतो. म्हणजे उतरून बाहेर यायला पाऊण तास, रस्ता दोन तास, काउंटर बंद होण्याचा एक तास, झाले पावणेचार. यात दारावरची रांग नाही, टॅक्सी ठरवणं नाही, मुलाला शू लागणं नाही. मी पाच तासांच्या खाली हे जोडतिकीट काढून देत नाही, परदेशी असेल तर सात. गिऱ्हाईक रागावून शेजारच्या दुकानात गेलं तरी चालेल.

आता त्या वेंगुर्ल्याच्या काकांचं सांगतो. वय पंचाहत्तरच्या घरात, काकी बरोबर. दिल्लीला मुलीकडे निघाले होते. तिकीट मुंबईच्या मुलाने मोबाईलवर काढलं होतं, मी फक्त प्रिंट मारून दिली, म्हणून त्यांच्याकडे नंबर होता माझा. मी प्रिंट देताना मोपा म्हणून पेनाने गोल केला होता. पण काकांच्या डोक्यात विमान म्हणजे दाबोळी, गेली तीस वर्षं. गाडीवाल्याला त्यांनी सांगितलं वास्को, तो वास्कोला घेऊन गेला. दुपारी दोनला फोन.

‘अरे, आमी वास्कोक पोचलंव. हयसर आमचा विमानच नाय म्हणतत.’

विमान पाचचं, मोपाहून. काउंटर चारला बंद. हातात दोन तास. दारावरच्या जवानाने तिकीट बघून त्यांना शांतपणे सांगितलं होतं, हे जीओएक्स आहे, इथलं नाही. काका त्याच्याशी दहा मिनिटं वाद घालत बसले, की गोवा लिहिलंय ना. त्यांचंही बरोबरच. तिकिटावर ठळक अक्षरात गोवाच लिहिलेलं असतं, ओळख पटवणारी तीन अक्षरं त्याच्या बाजूला बारीक.

गाडीवाला पार्किंगमधून निघून कुठ्ठाळीपर्यंत गेला होता, त्याला परत बोलावण्यात वीस मिनिटं गेली. मी फोनवर, बाबू दुसऱ्या फोनवर, तो कुठे कुठे वळायचं ते सांगतोय. झुआरी झाली, मांडवी झाली, तीनला दहा कमी असताना पर्वरीत. पर्वरीतून बाहेर पडायला साडेतीन. काकी मागच्या सीटवर वेतोबाला नारळ बोलत होत्या. धारगळचं वळण चारला पाच कमी. सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या पठारावर, चढून इमारतीच्या दारात पोचले तेव्हा चार वाजून नऊ मिनिटं झाली होती.

काउंटर बंद. विमान त्या दिवशी पाऊण तास उशिराने सुटणार होतं, फलकावर लाल अक्षरात तसं लिहिलेलंही होतं. पण काउंटर छापलेल्या वेळेवर बंद होतो, उशीर झालेल्या वेळेवर नाही. काकांनी तिथल्या मुलीला फलक दाखवला. ती म्हणाली, सर, सिस्टीम बंद झाली. तिला बोलून उपयोग नव्हता. शेवटी मी इथून दुसऱ्या दिवशी सकाळचं तिकीट काढलं, मोपाचंच. रात्री काका-काकी पेडण्यात काकींच्या मावसबहिणीकडे राहिले. पहिल्या तिकिटातले फक्त कर परत मिळाले, तेही मुलाने महिनाभर पाठपुरावा केल्यावर. काकांनी नंतर दुकानात येऊन मला वेंगुर्ल्याचे खारे काजू दिले आणि खुर्चीत बसून अर्धा तास त्या मुलीला शिव्या घातल्या.

बसने जायचं म्हटलं तर कदंबाच्या विमानतळ बस दोन्हीकडे आहेत, पण पणजीला बदलावी लागते. तरुण असाल, बॅग एक असेल, वेळ भरपूर असेल तर जरूर. एका रेल्वेवेड्या पोराने मला रेल्वेचा मार्ग विचारला होता. दाबोळीला रेल्वेचं छोटं स्टेशन आहे खरं, पण ती लाईन दक्षिण पश्चिम रेल्वेची. तिने मडगाव, तिथून कोकण रेल्वेने पेडणे, तिथून रिक्षा किंवा टॅक्सी. त्याला सांगितलं, कर बाबा, आणि कुठल्या दिवशी पोचलास ते कळव.

विमानच इकडचं तिकडे वळण्याचे प्रसंगही घडतात. मे २०२४ मध्ये मोपाच्या धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांवर वीज पडली, सहा विमानं दुसरीकडे पाठवावी लागली. २०२३ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी दाबोळीला नौदलाच्या मिग-२९ चा टायर फुटला आणि भर हंगामात धावपट्टी काही तास बंद. मोपा उंच सड्यावर, जुलै-ऑगस्टात ढग अगदी टेकतात. म्हणून पावसाळ्यात घ्यायला जाणाऱ्या गाडीला मी सांगतो, विमान खरंच टेकेपर्यंत म्हापशाच्या पुढेही जाऊ नको आणि मागेही येऊ नको. म्हापशाहून निदान दोन्हीकडे धावता येतं.

सावंतवाडीकरांच्या दृष्टीने सगळा नकाशाच उलटला. पूर्वी सकाळच्या विमानाला आम्ही रात्री दोनला निघायचो. आता बांदा, पत्रादेवी, धारगळ, पाऊण तासात मोपा. चिपीचं आमचं स्वतःचं विमानतळ २०२१ मध्ये झालं, पण तिथली विमानं कधी असतात कधी नसतात, त्यामुळे कुडाळ-मालवणची माणसंसुद्धा मोपाचंच तिकीट मागतात. तरी दाबोळी सुटत नाही. कधी तिथलं भाडं दोन हजारांनी कमी दिसतं, कधी हवी ती वेळ तिथेच असते. तेव्हा मी कागदावर बेरीज करून देतो. टॅक्सीचा फरक, पर्वरी, आणि परत येताना रात्र झाली तर चालकाचं जेवण. चौघांचं कुटुंब असेल तर दाबोळी कधी कधी परवडतं. एकट्या माणसाला नाही.

आणि एक कराल का? जाताना मोपा आणि येताना दाबोळी असं तिकीट काढून आपली गाडी मोपाच्या पार्किंगला लावून जाऊ नका. हे सांगावं लागतं, कारण लोक करतात.

आता हेच सगळं मुंबईला सुरू झालंय. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली, कोड एनएमआय. जुनं सहारचं आणि हे उलव्याचं, सरळ रेषेत पंचवीस किलोमीटरच्या आतच, आपल्या दाबोळी-मोपापेक्षा कमी. परवा डोंबिवलीच्या एका चाकरमान्याने फोन करून विचारलं, मोपाहून मुंबईचं तिकीट काढताय ते कुठल्या मुंबईचं? मी म्हटलं, तुम्हाला कुठलं जवळ? तो म्हणाला, अंतराने की वेळेने? मी त्याला लगेच दहा टक्के सूट दिली.